बिनशेंडीचा प्रकार

मित्रांनो, अशी सुरुवात करायची रीत आहे म्हणून करतो. नाहीतर तुमची माझी कसली आलीय मैत्री. मी एक जुना रिव्हॉल्व्हर आहे. अठराशे शहाण्णव सालचा, सहा गोळ्यांचा, खिशात मावेल एवढा. अमेरिकेतल्या कनेटिकट प्रांतात स्टॅनविक-लोरी नावाच्या कारखान्यात मी जन्मलो. सध्या एका काचेच्या पेटीत लाल मखमलीवर पडून असतो. महिन्यातून एकदा मला प्रदर्शनाला नेतात. तिथे माणसं माझ्यापुढे वाकतात, डोळ्याला भिंग लावतात आणि माझ्या पोटाखालचे आकडे वाचतात. या माणसांना संग्राहक म्हणतात. मला ती अजिबात आवडत नाहीत. आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे तुमचा गैरसमज नको.

का आवडत नाहीत, त्याचा एक मासला देतो. माझ्या नळीवर कारखान्याचं नाव ठोकलेलं आहे. त्यातलं पहिलंच अक्षर अर्धवट उठलंय. कसं, ते मला पक्कं माहीत आहे. ठोकणारा डूली नावाचा कामगार रविवारी भाचीच्या बारशाला गेला होता आणि तिथे घशापर्यंत प्यायला होता. सोमवारी त्याचे हात थरथरत होते. ठशाचा कोपरा तुटला तरी त्याला पत्ता नाही. चार दिवस तोच ठसा चालला. गुरुवारी मुकादमाच्या नजरेला आलं, त्यानं डूलीला शिव्या घातल्या आणि ठसा बदलला. एवढीच गोष्ट. पण संग्राहकांच्या पुस्तकात आज ‘तुटक्या अक्षराचा प्रकार’ म्हणून तीन पानं आहेत. कोणी म्हणतो ती गुप्त खूण होती. कोणी म्हणतो तो माल खास परदेशी जायचा होता. डूलीनं आयुष्यभर हजारो नळ्यांवर सरळ, स्वच्छ नाव ठोकलं, त्या नळ्यांना कुत्रं विचारत नाही. चार दिवस त्याचं डोकं दुखलं, तर त्याचा इतिहास झाला.

असो. माझी खरी हकिगत कारखान्यातली नाहीच. ती मिनेसोटातल्या नॉर्डाल गावातली आहे, आणि ती समजायला तुम्हाला माझा एक भाग माहीत हवा. माझ्या पाठीवर घोडा असतो. चाप ओढला की तो उठतो आणि गोळीवर आपटतो. अंगठ्यानं मागे ओढता यावा म्हणून या घोड्याला वर एक वाकडं टोक असतं. तिकडचे लोक त्याला काय म्हणतात ते सोडा, आपण शेंडी म्हणू. माझ्यासारख्याला शेंडी नसली तरी काही अडत नाही, नुसता चाप ओढला की काम भागतं. पण कारखान्यानं मला शेंडी दिली होती, आणि मला तिचा गर्वही होता. तरुणपणी सगळेच मूर्ख असतात.

हार्डवेअरच्या दुकानातून मला रॅग्ना ऑसेन नावाच्या बाईंनी नेलं. रॅग्नाबाई नॉर्डालचं टपाल सांभाळायच्या. टपाल कचेरी म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. तिथे एक फळी, एक तराजू आणि खण पाडलेलं कपाट होतं. रेल्वेच्या थांब्यावरून थैली आणायची, दुसरी नेऊन द्यायची, हे अर्ध्या मैलाचं काम त्या रोज पायी करायच्या. उणे तीसच्या थंडीतही त्यांना थैली चुकली नाही. मी त्यांच्या एप्रनच्या खिशात असायचो, फलाटीनच्या मऊ अस्तरात. तिथे लेफ्से म्हणतात त्या बटाट्याच्या पातळ पोळ्यांचा वास यायचा, आणि लाखेचा. मला तो आवडायचा. हे एकच कौतुक मी आज करणार आहे, नीट ऐकून घ्या.

एकोणीसशे बाराच्या ऑगस्टमध्ये एक पिसाळलेला कुत्रा गावात शिरला. टपालाच्या दारात शाळेतली तीन पोरं पत्रांची वाट बघत उभी होती. रॅग्नाबाई पोरांच्या पुढे आल्या आणि खिशात हात घालून मला ओढलं. मी आलोच नाही. माझी ती दिमाखदार शेंडी खिशाच्या अस्तरात अडकली होती. त्यांनी दोनदा हिसडा मारला. अस्तर फाटेना, मी निघेना आणि कुत्रा तर अंगावर आला. मग बाईंनी एप्रन कमरेतून तोडला आणि माझ्यासकट गरगर फिरवून कुत्र्याच्या कपाळात हाणला. दोन तडाख्यांत तो आडवा झाला. माझा जन्म गोळ्या झाडण्यासाठी, आणि माझ्या आयुष्यातलं एकमेव शौर्य मी धोंड्याचं काम करून गाजवलं. त्या दिवशी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी पुढे कधी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रॅग्नाबाई स्वयंपाकघराच्या पायरीवर बसल्या. त्यांनी माझा घोडा सोडवून गुडघ्यांत धरला आणि नवऱ्याची खूर घासायची मोठी कानस घेऊन शेंडी कानसायला लागल्या. नवरा, नेल्स, कॉफीचा पेला घेऊन बाजूला उभा राहिला.

“अगं, कारखान्यानं विचार करूनच तसा बनवला असेल ना तो,” तो म्हणाला.

“कारखान्यानं कधी एप्रन घातला नव्हता,” बाई म्हणाल्या. मान वरसुद्धा केली नाही.

तीन सकाळी हे काम चाललं. पोलाद काही लोणी नव्हे. बाई डावखुऱ्या, त्यामुळे उतार एका अंगाला झुकला, मध्ये कानस दोनदा घसरली त्याचे दोन ओरखडे राहिले. कारखान्यातल्या कोणत्याही मुकादमानं तो घोडा भंगारात फेकला असता. पण त्यानंतर मी कधी खिशात अडकलो नाही. थैली यायला उशीर झाला, कोणाच्या घरी वाईट बातमीची तार न्यायची असली, की बाई खिशात हात घालून त्या कानसलेल्या जागेवर अंगठा घासत राहायच्या. अशी सदतीस वर्षं. तिथे अंगठ्याएवढा गुळगुळीत खळगाच पडला. त्यांची नात मार्लिस लहानपणी मांडीवर बसली की रिकामा करून मला तिच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, “इथे अंगठा लाव बघू. बसतो का?” तिचा अंगठा त्यात हरवून जायचा.

बाई गेल्या आणि मी शिवणयंत्राच्या खणात गेलो. वर बटणं, खाली मी. पस्तीस वर्षं तिथेच होतो. त्याबद्दल काय सांगायचं, बटणांना काही बोलायला येत नाही.

एकोणीसशे चौऱ्याऐंशीत नॉर्डालच्या टपालाला शंभर वर्षं झाली. चर्चच्या तळघरातल्या दालनात जुन्या वस्तू मांडायचं ठरलं. समितीचा प्रमुख मार्लिसचा थोरला भाऊ हार्लन. मार्लिस आता अठ्ठावन्न वर्षांची. ती मला टेबलावर ठेवून म्हणाली, “हा मांडू आणि आजीची गोष्ट कार्डावर लिहू.”

हार्लन हसला. “कोणती, कुत्र्याची? आजी दर वेळी सांगायची तेव्हा कुत्रा दोन इंचांनी वाढायचा. आणि पायरीवर बसून कोणी पोलाद कानसतं होय? थापा होत्या गं त्या.”

“तिनं कानसलाय. मी हात लावलाय त्याला.”

“मग कागद आण. जाणत्या माणसाचा. कागदाशिवाय मी आजीची थाप चर्चमध्ये लावणार नाही.”

मार्लिसनं भांडी पुसायच्या फडक्यात मला गुंडाळलं आणि ती गाडीत बसली. तिला मला विकायचं नव्हतं, माझी किंमतही विचारायची नव्हती. आजी खरं बोलत होती, एवढंच तिला कागदावर हवं होतं.

जत्रेच्या मैदानातल्या ज्या शेडमध्ये उन्हाळ्यात बक्षिसाच्या गाई बांधतात, तिथेच हिवाळ्यात शस्त्रांचं प्रदर्शन भरतं. गाई बऱ्या. तिथे मार्लिसला लोकांनी वेंडेल प्रुइटच्या टेबलापाशी पाठवलं. हा भूमितीचा निवृत्त मास्तर. स्टॅनविक-लोरीच्या खिशातल्या रिव्हॉल्व्हरांवर यानं चव्वेचाळीस पानांचं पुस्तक लिहिलं होतं. आम्हाला चार प्रकारांत, नऊ उपप्रकारांत कापून ठेवलं होतं. स्क्रूची खाच कितीची, चापाची कड गोल की चौकोनी, असलं सगळं त्याला तोंडपाठ. त्याच्या शेजारच्या टेबलावर लायल नावाचा म्हातारा सुऱ्या विकत बसायचा आणि दिवसभर सूर्यफुलाच्या बिया चघळायचा.

“ही आमच्या आजीची वस्तू,” मार्लिस म्हणाली. “तिनं स्वतः याची...”

“थांबा, बोलू नका. आधी बघू द्या.” वेंडेलनं पांढरे हातमोजे चढवले, मला उचललं, आणि माझा घोडा बघून त्याचा चेहरा लालबुंद झाला.

“वेंडेल, श्वास घे रे बाबा,” लायल म्हणाला.

“बाई,” वेंडेल म्हणाला, “ही तुमच्या आजीची वस्तू नाही. हा सहावा नमुना आहे.”

मग त्यानं आपलं पुस्तक उघडलं. सत्त्याण्णवच्या वसंतात कारखान्यानं टपालवाल्यांसाठी पन्नास रिव्हॉल्व्हर बिनशेंडीचे बनवले, असं त्यात छापलेलं होतं. आजवर पाचच सापडले होते, आणि पाचही वेंडेलनंच शोधले होते. त्याचं सगळं नाव या ‘बिनशेंडीच्या प्रकारा’वर उभं होतं.

“पण शेंडी आजीनं कानसली होती,” मार्लिस म्हणाली. “पायरीवर बसून. खूर घासायच्या कानशीनं.”

वेंडेल दयेनं हसला. “प्रत्येक घरात अशी एक आजी असते. माझ्याकडे पाच नमुने आले, ते आणणाऱ्यांपैकी चौघांनी हेच सांगितलं. एकाची आजी, दोघांच्या आत्या, एकाची सासू. सगळ्या टपाल सांभाळायच्या आणि सगळ्यांनी म्हणे शेंडी कानसली. लोकांना गोष्टी लागतात हो. मी वस्तूचं ऐकतो.”

मित्रांनो, हा मनुष्य भूमिती शिकवायचा. चार घरांतून चार माणसं एकच हकिगत घेऊन आली, आणि हा म्हणतो सगळ्यांचं खोटं. म्हणे वस्तूचं ऐकतो. मी तिथे त्याच्या हातात होतो, दोन ओरखडे आणि डावखुरा उतार घेऊन. ऐकलं का त्यानं? त्याला मोजायलाच येत होतं फक्त.

मार्लिसनं शांतपणे विचारलं, “हे तुम्ही कागदावर सिद्ध करू शकाल का? माझ्या भावाला कागद हवाय.”

आता त्याची पंचाईत झाली. कारखाना कधीच बंद पडला होता, पण त्याच्या रवानगीच्या वह्या तिकडच्या एका ग्रंथालयात होत्या. नंबर कळवला की ते लोक वहीतली ओळ उतरवून पत्र पाठवतात. संग्राहकांत या पत्राला वेदवाक्याचा मान. पण बाकीच्या पाचांची पत्रं वेंडेलनं कधी मागवलीच नव्हती. म्हणे खात्री असताना विचारायचं कशाला. या वेळी बाई समोर उभी होती, तेव्हा त्याला मागवावं लागलं. मला त्यानं सहा आठवडे ठेवून घेतलं.

पत्र आलं तेव्हा मी त्याच्या जेवणाच्या टेबलावर होतो. त्यानं चमचा खाली ठेवून ते वाचलं. ‘नंबर चार हजार दोनशे अकरा. एप्रिल अठराशे सत्त्याण्णवमध्ये मिनेसोटाला रवाना. नळी तीन इंच, निळा मुलामा, घोडा नेहमीचा, शेंडीसकट.’ त्यानं ते चार वेळा वाचलं. सूपवर साय धरली. मग उठून कपाटातले ते पाच बाहेर काढले, माझ्या शेजारी ओळीनं मांडले आणि पहिल्यांदाच आमचे घोडे जवळून बघितले. प्रत्येकाचा उतार वेगळा होता. एकावर तर बहुधा दगडानं घासल्याच्या खुणा होत्या. म्हाताऱ्यानं पत्र उलटं करून ठेवलं. क्षणभर मला त्याची कीव आली, पण क्षणभरच.

कारण मग त्यानं काय केलं ऐका. या लोकांत एक पद्धत आहे. वस्तू कारखान्यातून जशी निघाली तशी असेल तर ती अस्सल. त्यानंतर माणसानं तिला जे काही केलं ते सगळं नुकसान. काल मी दुर्मिळ होतो, आज नुसता बिघडलेला ठरलो. वेंडेलनं खणातून त्याच सालचा शेंडीवाला घोडा काढला, माझा घोडा सोडवून टेबलावर टाकला आणि नवा बसवला. त्याच्या मते तो मार्लिसवर उपकार करत होता, तेही फुकट. आणि शेंडी आली की त्याच्या चुकीची एक खूणही कमी होणार होती, हे त्याला कळत नव्हतं असं मी मानणार नाही. रॅग्नाबाईंचा घोडा त्यानं कॉफीच्या डब्यात टाकला. त्या डब्यावर लिहिलं होतं, ‘मोडके भाग, कोणताही घ्या’.

“आता झालास अस्सल,” तो मला म्हणाला.

पुढच्या प्रदर्शनाला मार्लिस आली. वेंडेलनं मला मखमलीवर ठेवून पुढे सरकवलं. “बघा, अगदी जसा होता तसा करून दिला.”

तिनं मला उचललं आणि सवयीनं अंगठा लावला. शेंडी तिच्या बोटाला टोचली.

“हा आमचा नाही.”

“तोच आहे. नंबर बघा ना.”

“नंबर असेल. अंगठा बसत नाही.” तिनं मला खाली ठेवलं. “पत्र आलं का?”

“आलं,” वेंडेल म्हणाला. “पण त्यात तसं काही... नोंद जरा धूसर आहे.”

“काल मला वाचून दाखवलंस तेव्हा तर चांगली स्पष्ट होती,” लायल बिया चघळत म्हणाला. “धूसर तुझा चेहरा झाला होता. दे ते पत्र बाईला.”

वेंडेलनं आतल्या खिशातून पत्र काढून दिलं. मार्लिसनं चष्मा लावला आणि सावकाश, मोठ्यानं वाचलं. शेवटच्या शब्दाशी ती थांबली.

“शेंडीसकट,” ती म्हणाली. “म्हणजे कारखान्यातून शेंडीसकट निघाला होता. म्हणजे आजी खरं बोलत होती.”

“हो,” वेंडेल म्हणाला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “बाकीच्याही.”

“सासूसुद्धा,” लायल म्हणाला.

“जुना घोडा कुठाय?” मार्लिसनं विचारलं.

वेंडेलनं टेबलाच्या कोपऱ्यावरच्या त्या कॉफीच्या डब्याकडे बोट दाखवलं. त्यात शे-दीडशे मोडके घोडे होते. “थांबा, मी देतो काढून,” म्हणत त्यानं डबा टेबलावर उपडा केला, भिंग लावलं, आणि एक उचलून दिला. तो नव्हता. दुसरा दिला. तोही नव्हता. चव्वेचाळीस पानं लिहिणाऱ्याला सहा आठवडे स्वतःच्या घरात राहिलेली वस्तू ओळखता येईना. मार्लिसनं भिंग घेतलं नाही. ती एकेक तुकडा उचलायची, त्यावर अंगठा ठेवायची आणि बाजूला करायची. आजूबाजूचे लोक बघायला थांबले. तिला घाई नव्हती. विसावा-पंचविसावा असेल, त्यावर तिचा अंगठा गेला आणि तिथेच राहिला. तिचे डोळे भरून आले.

“आता बसतो,” ती म्हणाली.

“आणा इकडे, परत चढवून देतो,” वेंडेल म्हणाला. “दहा मिनिटांचं काम आहे.”

खरं सांगतो, आयुष्यात मी कोणाकडे काही मागितलं नाही, पण तेव्हा मनातल्या मनात हात जोडले. मला वाटत होतं, ती माझ्यासाठी आली आहे. इतकी वर्षं त्या खिशात मी होतो. कुत्र्याच्या कपाळात मी बसलो होतो.

“राहू द्या,” मार्लिस म्हणाली. “चर्चमध्ये बंदूक नको असं पाद्रीबुवा म्हणतच होते. हार्लनला हा घोडा आणि हे पत्र, एवढं पुरे.”

“आणि हा?” वेंडेलनं माझ्याकडे बघितलं. “याची किंमत...”

“किंमत कसली. त्यातलं आमचं होतं ते मी घेतलं. उरला तो कारखान्याचा. तुम्हीच ठेवा.”

तिनं घोडा भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळला, पत्राची घडी पर्समध्ये ठेवली आणि ती निघून गेली. माझ्याकडे तिनं वळूनही पाहिलं नाही. मला फार वाईट वाटलं. आजवर मी सगळ्या जगाला तुच्छ लेखत आलो, त्या दिवशी कोणीतरी मला लेखलंच नाही. आणि तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

लायल पुढे नॉर्डालच्या चर्चमध्ये मासळीच्या जेवणाला गेला होता. त्यानं येऊन सांगितलं की घोडा निळ्या बशीत ठेवलाय, काच नाही. हार्लननं स्वतःच्या हातानं कार्ड लिहिलंय, कुत्र्यासकट. लोक रांगेनं येतात, अंगठा लावून बघतात आणि जेवायला जातात.

तर मित्रांनो, रीतीप्रमाणे आता मी तुम्हाला उपदेश करायला हवा. तो असा. कोणाची जुनी वस्तू हातात आली तर तिला सुधारायच्या आधी तिच्या माणसाला दोन प्रश्न विचारा, आणि उत्तर आलं तर तोंड मिटून ऐका. तुमच्याच्यानं एवढं होईल असं मला वाटत नाही, पण सांगून ठेवतो.

वेंडेलनं पुस्तकाची नवी आवृत्ती काढली. त्यात बिनशेंडीचा प्रकार गाळला. त्या चार घरांना पत्रं लिहिलीत का, ते मला ठाऊक नाही. मला दिसली तरी नाहीत. माझ्यापुढे आता कार्ड असतं, ‘संपूर्ण अस्सल’. परवाच्या प्रदर्शनाला ओहायोहून एक गृहस्थ आला होता. बराच वेळ भिंगातून मला न्याहाळून तो आदरानं म्हणाला, “काय सुंदर राहिलाय. याला कधी कोणाचा हातसुद्धा लागलेला दिसत नाही.”

वेंडेल फडकं घेऊन काच पुसत राहिला.